तीन नंबरच्या जागेवरच्या अळ्या काय खात होत्या

तळ्यावर जायच्या दिवसाची माझी यादी एकवीस ओळींची आहे. ती प्लास्टिकच्या पाकिटात घालून मी बोटीच्या बाकाला चिकटवते. चाळण्या, दोऱ्या, झाकणाच्या बरण्या, शिसपेन्सिली, कोरडे मोजे, थर्मास. सतरावी ओळ आहे, 'लेबल आधी, चिखल मग'. ही ओळ मी घातलेली आहे. चिखलाच्या दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या की त्यांच्यात फरक फक्त लेबलाचा असतो. ते चुकलं की पुढचं सगळं चुकतं. बारा वर्षांत मी एकच लेबल जाणूनबुजून खोटं लिहिलं. ते का लिहिलं आणि मग त्याचं काय केलं, एवढंच इथे सांगायचं आहे.

मी मिनेसोटाच्या उत्तर भागात, एका विद्यापीठाच्या तळ्यांच्या प्रयोगशाळेत व्यवस्थापक आहे. शास्त्रज्ञ नाही. शास्त्रज्ञ आमच्या बाई. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारते, पण मनात त्या बाईच. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा प्रश्न एका ओळीत मावतो: थंड तळ्याच्या तळाशी राहणारे जीव खातात काय? आमचं तळं वर्षातले पाच महिने गोठलेलं असतं. तळाशी अंधार, गारठा आणि काळा चिखल. तरी त्या चिखलात लाल अळ्या असतात, कोळंबीच्या पिल्लांसारखे वाकडे जीव असतात, तुरीच्या दाण्याएवढे शिंपले असतात. त्यांना अन्न वरूनच यायला हवं. वसंतात बर्फ वितळल्यावर पाण्यात शेवाळ वाढतं आणि मरून खाली बसतं. शरदात काठावरच्या बर्च आणि आल्डरची पानं पडतात. शिवाय चिखलातल्या वायूवर जगणारे काही जिवाणू असतात, तेही अळ्यांच्या पोटात जातात. कोणी काय खाल्लं हे अळीच्या अंगावरून कळतं. जे खाल्लं त्याचंच अंग बनतं आणि प्रत्येक अन्नातल्या कार्बनची तऱ्हा थोडी वेगळी असते.

पद्धत सोपी आहे, फक्त चिकाटी लागते. बोटीतून दोन जबड्यांची पितळी पेटी दोरीने तळावर सोडायची, वरून वजन सोडून तिचे जबडे मिटवायचे, चिखल वर घ्यायचा, चाळायचा. अळ्या चिमट्याने वेचायच्या आणि एक दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवायच्या, म्हणजे पोटातलं निघून जातं आणि अंगाचं तेवढं उरतं. मग वाळवायच्या, कुटायच्या, कथलाच्या चिमुकल्या डब्यांत भरून दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवायच्या.

"म्हणजे तुझ्या अळ्या एकादशी करतात," माझी मैत्रीण म्हणायची.

"निर्जळी नाही पण. पाणी चालतं."

"आणि द्वादशीला तू त्यांना ओव्हनमध्ये घालतेस. छान आहे."

ही माझी इथली सर्वांत जवळची मैत्रीण. ती नागपूरची, मी सांगलीकडची. भारतात भेटलो असतो तर एकमेकींच्या भाजीला नावं ठेवून संपलं असतं. इथे अकरा मराठी कुटुंबं, त्यामुळे अठरा वर्षं आम्ही रोज बोलत होतो. माझ्या बाळंतपणात तिने दीड महिना डबे दिले. तिची आई गेली तेव्हा तिला विमानतळावर मी सोडलं आणि ती परतेपर्यंत तिच्या घरातल्या कुंड्यांना पाणी घातलं. त्या कुंड्यांचीही यादी होती.

गणपतीही आमचा दोघींचाच म्हणायचा. याद्या माझ्या, हात तिचा. सुरुवातीला विसर्जन कुठे करायचं यावर वाद झाले. मी स्पष्ट सांगितलं की तळ्यात नाही; मी ज्या तळ्याचा चिखल मोजते तिथे तर नाहीच. सगळ्यांना पटलं. शाडूची मूर्ती, माझ्या अंगणात निळा टब, विरघळलेली माती माझ्या फुलझाडांना. निर्माल्य आणि उरलेला प्रसाद कंपोस्टला. त्या ओळीपुढे तिचं नाव होतं. दर वर्षी आरती झाली की ती फ्रिजवरच्या यादीपाशी जायची आणि माझ्यादेखत त्या ओळीवर टिक करायची.

तीन वर्षांपूर्वी आमचे आकडे बिघडले. तळ्यावर आमच्या पाच जागा आहेत. तीन नंबरची जागा प्रयोगशाळेच्या धक्क्याच्या टोकापासून जवळ, उथळ. तिथल्या अळ्या अचानक संख्येने वाढल्या आणि त्यांचा कार्बन ना शेवाळाचा, ना पानांचा, ना जिवाणूंचा. बाई कागद उलटा करून पाहत म्हणाल्या, "हा मका आहे." मक्यातला कार्बन इतर झाडांपेक्षा जड असतो. दोन वर्षं तेच येत राहिलं. बाकी चार जागा जशाच्या तशा.

मका कुठून येतो हे शोधायचं काम मी अंगावर घेतलं, कारण असली कामं मला आवडतात. तळ्याभोवतीच्या घरांची यादी केली. कोण काय टाकतं, कोणाचं सांडपाणी कुठे जातं. धक्क्याला लागून एका म्हाताऱ्या गृहस्थांची केबिन आहे. ते एकटे राहतात आणि सकाळी आपल्या पायऱ्यांवरून बदकांना भरडलेला मका टाकतात. मी वही घेऊन त्यांच्या दारात गेले.

"किती टाकता?"

"एक डबा."

"केवढा डबा?"

त्यांनी आत जाऊन कॉफीचा रिकामा डबा आणून माझ्यापुढे धरला. मी त्याची उंची मोजली. मग त्यांना समजावून सांगितलं की तळाच्या जीवांचं नैसर्गिक अन्न बदलतं आहे, तेव्हा कृपा करून हे बंद करावं. ते म्हणाले, "बायको असल्यापासून टाकतोय." मी म्हटलं, मला समजतं, तरीही. त्यांनी बंद केलं. पुढच्या शरदात आकडे तसेच आले. मी बाईंना सांगितलं की म्हातारबा लपून टाकत असणार.

हे मी लिहिते आहे, कारण ते मी म्हटलं होतं.

रोज जेवताना मी हाच विषय काढत असे. नवऱ्याला सांगायची, मका नसेल तर दुसरं काय असेल? तो पोळी मोडत ऐकायचा आणि म्हणायचा, "निघेल काहीतरी." आता आठवतं की तो एरवी अशा वेळी दहा प्रश्न विचारतो.

गेल्या ऑक्टोबरात बाईंनी ठरवलं की काठावरच्या रहिवाशांच्या सभेत हे मांडायचं. बदकांना मका घालायला बंदी करावी असा ठराव येणार होता, आणि सगळ्यांना माहीत होतं की मका घालणारा माणूस तळ्यावर एकच आहे. सभेला अजून दोन आठवडे होते. त्याआधी शेवटचे नमुने घ्यायला बाई आणि मी बोटीतून गेलो. हातमोज्यांतून बोटं बधिर होत होती. तीन नंबरच्या जागेवर पेटी सोडली, वर घेतली, तर जबडे मिटलेच नव्हते. मध्ये काहीतरी अडकलं होतं.

हिरवं कापड होतं. त्याची गाठोडी बांधलेली, गाठीत लाल नाडा, आत मूठभर काळा लगदा, एक गोटा आणि एक सुपारी.

बाईंनी सुपारी तळहातावर घेतली. "कसलं बी आहे हे? इकडचं नाही वाटत."

मला त्या गाठोडीचं सगळं कळलं होतं. गोटा कशासाठी तेही कळलं, गाठोडी तरंगू नये म्हणून. आणि कापड तर मी ओळखत होते. तो इरकली खण होता, बारीक लाल काठाचा. मी भारतातून येताना असे सहा खण आणले होते आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला कोणाच्या ओटीत कोणता घातला ते लिहून ठेवलं होतं, कारण पुढच्या वर्षी तोच रंग पुन्हा जाऊ नये. हिरवा एकच होता. तो मी तिच्या ओटीत घातला होता.

"माहीत नाही," मी बाईंना म्हटलं. सगळं एका पिशवीत भरलं आणि लेबल लिहिलं: 'जागा तीन. कापड, दगड. अनोळखी बी, एक.'

घरी आल्यावर नवऱ्याला विचारलं. आधी त्याला खणाचा फोटो दाखवला. त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"तिच्या नवऱ्याची कंबर धरली होती," तो म्हणाला, "म्हणून पिशव्या मी उचलल्या."

"किती वेळा?"

"दोनदा. तीनदा असेल."

"आत गेलात कसे?"

"गेटचा नंबर तूच दिला होतास ना तिला. पिकनिकला सामान आधी नेऊन ठेवायला."

दिला होता. प्रयोगशाळेच्या माणसांना घरच्यांसाठी सुट्टीच्या दिवशी धक्का वापरता येतो. 'गेट नंबर: मैत्रिणीला पाठवणे' ही आकडे बिघडण्याआधीच्या उन्हाळ्यातल्या त्या पिकनिकच्या यादीतली चौथी ओळ होती.

"दोन वर्षं मी याच टेबलावर रोज विचारत होते."

"मला ते कनेक्ट झालं नाही गं. तू मका म्हणत होतीस." मग जरा थांबून म्हणाला, "नंतर थोडं झालं होतं. पण तिने सांगितलं होतं की बोलू नका, उगाच हिला त्रास होईल."

तो माझ्याशी खोटं बोलला, असं लिहून मी खोडलं. ते बरोबर नाही. खोटं तो बोललाच नव्हता. तो पोळी मोडत होता.

शनिवारी सकाळी तिच्याकडे गेले. ती अंगणातली पानं गोळा करत होती. फोटो पाहून म्हणाली, "अय्या, हा सापडला होय तुला," आणि मग माझ्या तोंडाकडे पाहून दाताळं भिंतीला टेकवलं. "चल आत. चहा टाकते."

"चहा नको." मी दारातच थांबले. "काय काय टाकलं?"

"टाकलं काय म्हणतेस, सोडलं. गणपतीचं, नवरात्राचं, सत्यनारायणांचं. दर वेळी."

"प्रसादही?"

"उरतो यार. साठ माणसांचा शिरा तूच लिस्टमध्ये लिहितेस, आणि मुलं पिझ्झा खाऊन येतात. मग तो शिरा मी काय सिंकच्या मशीनमध्ये दळू?"

शिरा, मोदक, पुरणपोळ्या, गूळ-खोबरं. मी तिच्या दारात उभी होते आणि मला उसाचं चिपाड डोळ्यांपुढे दिसलं. मका आणि ऊस एकाच तऱ्हेचं गवत. दोघांचा कार्बन सारखाच जड. हे बाईंनी मला कितीदा सांगितलं होतं. माझं माहेर उसाच्या पट्ट्यातलं, गळिताच्या दिवसांत आमच्या अंगणात मळीचा वास यायचा. आणि मी दोन वर्षं मका शोधत होते.

"कंपोस्ट ठरलं होतं," मी म्हटलं.

"कंपोस्टमध्ये काय काय असतं तुझ्या? अंड्याची टरफलं. परवाचे माशाचे काटे. त्यात देवाचं निर्माल्य घालू? माझी आई वरून बघत असेल."

"मग तेव्हाच नाही म्हणायचं."

"म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस? नवीन लिस्ट केली असतीस. आणि त्यातही माझं नाव असतं."

हे खरं होतं. म्हणून जास्त लागलं.

"पण माझ्यासमोर टिक करायचीस तू. दर वर्षी."

"तुला टिक लागते," ती म्हणाली. "मी केली."

तिच्या मागे स्वयंपाकघर दिसत होतं. त्या ओट्यावर मी अठरा वर्षं नारळ खवले आहेत. मी विचारलं, अजून कोणाकोणाला माहीत आहे. ती म्हणाली, "सगळ्यांना. धक्क्यावर आरती म्हणायचो आम्ही. तुझ्या टबात माती विरघळते ते ठीक आहे गं, पण वाहतं पाणी नाही, काही नाही. लोकांना बरं नाही वाटायचं. तुझं मन मोडायचं नव्हतं कोणालाच."

म्हणजे माझ्या अंगणातला टब, त्याभोवतीचे हात जोडलेले लोक, 'पुढच्या वर्षी लवकर या', हे सगळं माझ्यासाठी होतं. बाप्पासाठीचं दुसरीकडे. दहा कुटुंबं माझी समजूत घालत होती आणि मी वर उभी राहून कोण कुठे उभं राहणार ते सांगत होते.

"सभा आहे," मी म्हटलं. "त्या शेजारच्या म्हाताऱ्यांवर येणार आहे सगळं."

"मग सांग ना की त्यांचा मका नाही."

"कशाचा आहे ते सांगावं लागेल."

तिने हात पुसले. "इथल्या लोकांना काय सांगशील? इंडियन लोक तळ्यात कचरा टाकतात? ह्यांचं हॉस्पिटलमध्ये नाव आहे. माझं नाव लिहू नको तू. ती पिशवी फेकून दे, एवढंच कर. एवढं तरी कर माझ्यासाठी."

मी गाडीकडे वळले. चहा न घेता तिच्या घरून निघायची ती पहिली वेळ.

पुढचे आठ दिवस मी कामं केली. फ्रीजर पुसला, बरण्यांची मोजदाद केली, दोऱ्या तपासल्या. पिशवी तिसऱ्या कप्प्यात होती आणि मी तिला हात लावत नव्हते. फेकणं सोपं होतं. फ्रीजरमधलं काय ठेवायचं, काय काढायचं हे मीच ठरवते, कोणी विचारलं नसतं. म्हातारबांच्या केबिनवरून रोज माझी गाडी जायची. पायऱ्या रिकाम्या असायच्या.

सभेच्या दोन दिवस आधी पिशवी काढली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली. बाहेरच्या काचेवर पाऊस नव्हता, बर्फ नव्हता, नुसतं राखाडी होतं. मी उभ्याउभ्या सांगितलं. सुपारी काय, खण काय, शिऱ्यात किती साखर, गेटचा नंबर कोणी दिला. बाईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"हे तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"बोटीतच."

त्यांनी चष्मा काढला. बारा वर्षांत त्यांनी माझं एकही लेबल पुन्हा तपासलेलं नव्हतं. ती त्या आता तपासतील हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि त्यांनी ती खरोखर तपासली, पुढचे कित्येक आठवडे, एकेक बरणी उचलून. त्या काही वाईट बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मैत्रिणीवरचा माझा सगळा राग त्या खोलीत अर्धा झाला, कारण तिने जे माझं केलं तेच मी बाईंचं केलं होतं, फक्त दिवस कमी होते.

ठराव आलाच नाही. तीन नंबरच्या जागेचे तीन वर्षांचे आकडे वेगळे काढले. गेटचा नंबर बदलला, सुट्टीच्या दिवशी धक्का बंद झाला, आणि ते बरोबरच होतं.

म्हातारबांकडे मी वही न घेता गेले. चुकलं म्हटलं. मका नव्हता, आमच्या लोकांचा नैवेद्य होता.

"पाहिलं होतं मी," ते म्हणाले. "चांगले कपडे घालून यायचे, गायचे. टाळ्या वाजवायचे."

"मग मला का नाही सांगितलंत? मी तुमच्या डब्याची उंची मोजत होते तेव्हा?"

"प्रार्थना होती ना ती. दुसऱ्याच्या प्रार्थनेची चुगली कशी करायची." मग ते दारातून रिकाम्या पायऱ्यांकडे पाहत म्हणाले, "म्हणजे आता मका चालेल?"

खरं तर तळ्याच्या दृष्टीने मकाही चांगला नाही. मी म्हटलं, "अर्धा डबा."

मैत्रीण हिवाळ्यात दूर दक्षिणेत, फ्रिस्को गावी राहायला गेली. तिच्या नवऱ्याला तिकडे नोकरी लागली. त्याचा याच्याशी संबंध नाही असं सगळे म्हणतात. निरोपाच्या जेवणाला मी भांडी पाठवली, गेले नाही. नवरा गेला. परतल्यावर त्याने सांगितलं की ती विचारत होती. मी विचारलं, काय विचारत होती? तो म्हणाला, "तू तिचं नाव लिहिलंस का, एवढंच."

नोंदवहीचा आमचा नियम असा आहे की काही खोडायचं नाही. चुकलेल्या मजकुरावरून एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर मजकूर आणि आपली सही. बाईंसमोर मी नोंदवहीत उतरवलेल्या त्या लेबलातल्या 'अनोळखी बी, एक' वर रेघ मारली. शेजारी लिहिलं: 'सुपारी, एक. खण, हिरवा, इरकली. पूजेचं निर्माल्य आणि गोड प्रसाद, वर्षातून अनेकदा. आणणारे: माझ्या घरचे व ओळखीचे. प्रवेश: माझ्यामुळे.' सही केली.

तिचं नाव लिहिलं नाही. तिने सांगितलं म्हणून नव्हे. कंपोस्टच्या ओळीपुढे तिचं नाव मीच एकदा लिहिलं होतं, तिला न विचारता, आणि तेवढं पुरे होतं.

पिशवी फ्रीजरच्या तिसऱ्या कप्प्यात परत ठेवली. तीन नंबरच्या जागेवरच्या अळ्यांमध्ये या वसंतातही ऊस निघाला. बाई म्हणतात, अजून काही वर्षं निघेल.